गावाचा दिनविशेष : तीनशे सहासष्ट पानांची वही कशी भरावी

परिपाठात प्रार्थना झाली, उद्देशिका झाली, सुविचार झाला की एक पोरगं पुढं येतं आणि म्हणतं, ‘आजचा दिनविशेष.’ मग कुणाची तरी जयंती, कुणाची तरी पुण्यतिथी, एखादा जागतिक दिवस, आणि सगळे पसायदानाला हात जोडतात. वीस सेकंदांत संपणारा हा प्रकार. मीही बरीच वर्षं तो तसाच उरकत होतो.

मग एका १० एप्रिलला फळ्यावर लिहिलं गेलं, ‘आज डॉ. पंजाबराव देशमुख यांची जयंती. विनम्र अभिवादन.’ मजकूर मोबाइलवर आलेला, फोटोसकट. नातवाचं बोनाफाईड न्यायला आलेले एक आजोबा फळ्यापाशी थांबले, वाचलं आणि हळूच म्हणाले, ‘गुरुजी, भाऊसाहेब आजच्या दिशी गेले जी. जलम त्यायचा डिसेंबरातला.’ खरंच होतं. जन्म २७ डिसेंबर १८९८, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचा. निधन १० एप्रिल १९६५, दिल्लीत. देशाच्या कृषिमंत्री राहिलेल्या माणसाची जयंती आम्ही त्यांच्या पुण्यतिथीला घातली होती, तीही त्यांच्याच वऱ्हाडात. तोवर वर्गातल्या सगळ्या पोरांनी ते वहीत उतरवून घेतलेलं.

त्या दिवसापासून मी दिनविशेषाची वही करायला घेतली. ती कशी करायची, तारखा कशा तपासायच्या आणि एका दिवशी दहा गोष्टी घडलेल्या असताना फळ्यावर कोणती घ्यायची, ते इथे क्रमानं सांगतो. शाळेसाठी लिहितोय, पण गावचं वाचनालय, ग्रामपंचायतीचा सूचनाफलक, मंडळाचा बोर्ड, कुठंही चालेल.

आधी वही

चारशे पानी जाड रजिस्टर घ्या. प्रत्येक पानावर एक तारीख, १ जानेवारीपासून ३१ डिसेंबरपर्यंत, २९ फेब्रुवारी धरून. म्हणजे ३६६ पानं. उरलेली मागची पानं तिथीनं येणाऱ्या दिवसांसाठी ठेवा, ती लागतातच.

पानावर चार रकाने आखा : साल, काय घडलं, कुठं घडलं, कशावरून. चौथा रकाना लोक गाळतात, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ‘मोबाइलवर आलं’ हेही तिथं प्रामाणिकपणे लिहा. पुढं दुसरा आधार सापडला की तो त्याच्याखाली. माझा नियम साधा आहे. एकाच ठिकाणी सापडलेली नोंद पेन्सिलीनं, दोन वेगळ्या ठिकाणी जुळलेली नोंद पेनानं. फळ्यावर फक्त पेनाची नोंद जाते. दोन वेगळी ठिकाणं म्हणजे एकाच मजकुराचे दोन ग्रुपवर आलेले फोटो नव्हेत, हे सांगायला नको, पण सांगतो.

‘कुठं’ या रकान्यात त्या वेळचं नाव आणि कंसात आजचं नाव लिहा. आपल्याकडं याची फार गरज पडते. चांद्याचं चंद्रपूर झालं. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून २६ ऑगस्ट १९८२ ला निघाला, वाशिम अकोल्यातून १ जुलै १९९८ ला, गोंदिया भंडाऱ्यातून १ मे १९९९ ला. (या तीन तारखा त्या त्या जिल्ह्यातल्या शाळांनी आधी पेनानं भरून टाकाव्यात.) वर्ध्याजवळच्या सेगावचं सेवाग्राम १९४० साली झालं, कारण टपाल चुकून बुलढाण्याच्या शेगावला जायचं. एका पत्त्याच्या घोळावरून गावाचं नाव बदललं, ही गोष्ट पोरांना तारखेपेक्षा जास्त लक्षात राहते.

भरायला जवळून सुरुवात करा

पहिल्याच दिवशी जगाचा इतिहास भरायला बसू नका. मोबाइल उघडला की एकेका तारखेला शंभर नोंदी मिळतात आणि माणूस थकून वही मिटवतो. आधी असं विचारा : सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल एवढ्या अंतरात काय काय घडलं?

आमच्या वहीतली पहिली पानं अशी भरली. गाडगेबाबा : जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव. निधन २० डिसेंबर १९५६, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ. तुकडोजी महाराज : जन्म ३० एप्रिल १९०९, यावली. निधन ११ ऑक्टोबर १९६८, गुरुकुंज मोझरी. बाबा आमटे : जन्म २६ डिसेंबर १९१४, हिंगणघाट. निधन ९ फेब्रुवारी २००८, आनंदवन. वसंतराव नाईक : १ जुलै १९१३, पुसदजवळचं गहुली. लोकनायक बापूजी अणे : २९ ऑगस्ट १८८०, वणी. सुरेश भट : १५ एप्रिल १९३२, अमरावती. विनोबा जन्मानं कोकणातले, गागोद्याचे, पण त्यांनी देह ठेवला तो पवनारला, १५ नोव्हेंबर १९८२ रोजी. त्याच तारखेला १८७५ साली बिरसा मुंडांचा जन्म झाला होता. गावात बंजारा तांडा असेल तर १५ फेब्रुवारीचं पान संत सेवालाल महाराजांचं, जन्मसाल १७३९. पोहरादेवीला गेलेलं एखादं पोरगं वर्गात असतंच, त्यालाच बोलू द्या.

एवढं झालं की तालुका, मग जिल्हा, मग महाराष्ट्र आणि देश. जग शेवटी आलं तरी चालतं.

तारीख तपासायची कशी

सगळ्यात सोपा आधार म्हणजे दरवर्षी राज्याचा सामान्य प्रशासन विभाग काढतो ते परिपत्रक. येणाऱ्या वर्षात कोणकोणत्या थोर व्यक्तींच्या जयंत्या आणि राष्ट्रीय दिवस कार्यालयांनी पाळायचे, त्याची यादी त्यात असते. ते मुख्याध्यापकांच्या फाइलीत असतं, बहुधा न वाचलेलं. ती यादी वहीशी ताडून पाहा. दुसरा आधार मराठी विश्वकोश, तो आता मोबाइलवरही वाचता येतो. तिसरा जिल्ह्याचं गॅझेटियर, तालुक्याच्या जुन्या वाचनालयात धूळ खात पडलेलं. चौथा पुतळ्याचा चौथरा आणि इमारतीची कोनशिला. इथं मात्र सावध राहा. कोनशिलेवर भूमिपूजनाची तारीख असते, उद्‌घाटनाची वेगळी असते, आणि बांधकाम कधी पुरं झालं ते गवंड्यालाच ठाऊक.

काही तारखा डोळ्यांसमोर असतात आणि दिसत नाहीत. २६ नोव्हेंबर हा संविधान दिन कशावरून, असं सातवीच्या वर्गाला विचारलं तर कोणी बोलेना. रोज परिपाठात उद्देशिका घोकतात, तिच्या शेवटीच तारीख आहे : २६ नोव्हेंबर १९४९. आधार पोरांच्या तोंडातच होता.

आणि जन्मतारखेबद्दल एक गावठी सत्य. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात गावातल्या जुन्या माणसांच्या जन्मतारखा बघा. अर्धं गाव १ जूनला नाहीतर १ जुलैला जन्मलेलं दिसेल. तारीख माहीत नव्हती, पोरगं शाळेत घालायचं होतं, गुरुजींनी वय अंदाजून एक तारीख टाकली. त्यामुळे गावातल्या कुणाची शंभरी साजरी करायची असेल तर शाळेच्या दाखल्यावर थांबू नका. आपल्या भागात कोतवाल बुक हा फार मोलाचा दस्तऐवज आहे. कोतवालानं नोंदवलेले जन्म-मृत्यू त्यात असतात. तहसीलमध्ये अर्ज केला की नक्कल मिळते. लोक ती जातीच्या दाखल्यासाठी काढतात, पण गावाचा इतिहासही तीतच आहे.

एखाद्या तारखेबद्दल दोन जाणते आधार दोन गोष्टी सांगत असतील तर दोन्ही लिहून ठेवा. भगतसिंगांची जन्मतारीख कुठं २७ तर कुठं २८ सप्टेंबर १९०७ अशी छापलेली आढळते. त्यात आपण निवाडा करायला बसू नये. त्याऐवजी २३ मार्च घ्या. १९३१ सालच्या त्या फाशीच्या तारखेवर कुणाचं दुमत नाही.

वार काढून पाहणं हीही एक छान चाळणी आहे. मोबाइलच्या दिनदर्शिकेत मागं मागं जात राहिलं की जुन्या तारखांचे वार दिसतात. १४ ऑक्टोबर १९५६ हा रविवार. कुणी सांगितलं की धम्मदीक्षेच्या दिवशी कचेरी बुडवून नागपूरला गेलो होतो, तर कुठंतरी गल्लत आहे.

तिथीची भानगड

आता खरा गुंता. थोडं सावकाश घेऊ.

२३ फेब्रुवारीचं पान उघडा. या तारखेला १८७६ साली गाडगेबाबांचा जन्म झाला. याच तारखेला, दोन वर्षांनी, १८७८ मध्ये गजानन महाराज शेगावात प्रकटले. वऱ्हाडच्या दोन मोठ्या नावांची एकच तारीख, म्हणजे एकाच दिवशी दोन्ही साजरं व्हायला हवं. पण शेगावला प्रकटदिनाची गर्दी २३ तारखेला नसते, माघ वद्य सप्तमीला असते. मग ती कधी फेब्रुवारीच्या सुरुवातीला येते, कधी शेवटी. आणि गाडगेबाबांचा जन्म महाशिवरात्रीचा, म्हणजे माघ वद्य चतुर्दशीचा. तारीख एक, तिथ्या दोन.

असं कसं झालं, हे सहावी-सातवीच्या पोरांना फळ्यावर मांडून दाखवता येतं. चांद्र वर्ष आपल्या नेहमीच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणून त्याच तारखेला दर वर्षी तिथी साधारण अकरांनी पुढं जाते. दोन वर्षांत बावीस. मध्ये एक अधिक महिना आला की तीस मागं. बावीसातून तीस गेले, उरले उणे आठ. चतुर्दशीवरून तिथी सप्तमीच्या आसपास आली. एखाद्या दिवसाचा फरक पडतो, कारण तिथी काही मध्यरात्री बदलत नाही आणि चोवीस तासांचीही नसते. पण हिशेब जुळलेला पाहून पोरांचे डोळे चमकतात. गणिताचा एक तास तसा सत्कारणी लागला.

शक सालाचं साधं सूत्र : गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत शकात ७८ मिळवा, १ जानेवारीपासून पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवा. माघ-फाल्गुनात हमखास चूक होते ती इथंच. फेब्रुवारी १८७८ मधून ७९ वजा केले तर शके १७९९ येतं, पण प्रकटदिनाबरोबर पुष्कळ ठिकाणी शके १८०० छापलेलं दिसेल. जुन्या काळी कुणी सरलेली वर्षं मोजत, कुणी चालू वर्ष धरत, त्यामुळं असा एकाचा फरक बऱ्याच नोंदींत येतो. त्यावरून गावात वाद घालत बसू नका. फळ्यावर तिथी आणि इसवी तारीख लिहा, शक गाळा.

आणखी एक खाच. आपला महिना अमावास्येला संपतो, हिंदी पट्ट्यातला पौर्णिमेला. म्हणून वद्य पक्षात महिन्याचं नावच बदलतं. आपली महाशिवरात्र माघात, त्यांची फाल्गुनात. रात्र तीच. गोंदिया, रामटेककडच्या गावांत घरात हिंदी पंचांग टांगलेलं असतं, तिकडच्या शिक्षकांनी एवढं ध्यानात ठेवावं. काही दिनदर्शिकांत ‘भारतीय सौर’ अशी बारीक अक्षरांत तारीख असते, तिचा तिथीशी संबंध नाही. ती २२ मार्च १९५७ पासून सुरू झालेली सरकारी सौर दिनदर्शिका आहे. महिन्यांची नावं तीच असल्यानं फसगत होते.

मग पाळायचं काय, तारीख की तिथी? माझं मत असं : जिथं लोक ज्या दिवशी जमतात, तो दिवस फळ्यावर, आणि दुसरा वहीत. तुकडोजी महाराजांचं निधन ११ ऑक्टोबर १९६८ चं, ती आश्विन वद्य पंचमी होती, आणि मोझरीचा पुण्यतिथी महोत्सव तिथीनं होतो. ज्या दिवशी निम्मी पोरं घरच्यांबरोबर मोझरीला गेलेली असतात, त्या दिवशी ते पान वाचण्यात अर्थ आहे. धम्मदीक्षेचे दोन्ही दिवस पाळतात. १४ ऑक्टोबर आहेच, पण दीक्षाभूमीवरची मोठी गर्दी दसऱ्याला, कारण १९५६ सालची ती तारीख विजयादशमीची होती. इथं दोन्ही दिवशी लिहा.

चिमूरचं उदाहरण तर वर्गात आवर्जून सांगण्यासारखं. चिमूर आणि आष्टी, दोन्हीकडचा उठाव १६ ऑगस्ट १९४२ चा. रविवार होता आणि नागपंचमी होती. म्हातारी माणसं ‘नागपंचमीला’ म्हणतात, पुस्तकं ‘१६ ऑगस्टला’ म्हणतात. दोघंही बरोबर. पण आता नागपंचमी कधी जुलैच्या शेवटी येते, कधी ऑगस्टच्या वीसनंतर. पोरानं आजीकडून ऐकून यावं आणि गुरुजींनी ‘चूक’ म्हणावं, असं होता कामा नये.

फार जुन्या तारखा

शिवकालातल्या तारखांना आणखी एक पदर आहे. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तिची इसवी तारीख १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीनं काढलेली आहे. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीनं तोच दिवस १ मार्च १६३० येतो, कारण तेव्हा दोन्हींत दहा दिवसांचं अंतर होतं. राज्याभिषेकाचंही तेच, ६ जून १६७४ ही जुनी तारीख. इंग्रजांनी नवी पद्धत १७५२ साली घेतली, तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. यावरून कुणाची जयंती बदलत नाही. शासनानं १९ फेब्रुवारी धरली आहे, शाळेनंही तीच धरावी. फक्त एखाद्या हुशार पोरानं ‘सर, नेटवर १ मार्च दिलंय’ म्हटलं तर त्याला गप्प बसवू नका, एवढ्यासाठी हे माहीत असावं. रशियाची ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात का येते, याचं उत्तरही हेच.

अलीकडच्या घटनांत घड्याळ आडवं येतं. माणूस चंद्रावर उतरला ती तारीख जगभर २० जुलै १९६९ म्हणून छापतात. पण यान टेकलं तेव्हा आपल्याकडं २१ जुलै लागली होती, रात्रीचे पावणेदोन वाजत आले होते. दोन्ही तारखा वहीत ठेवा.

एका पानावर चार नोंदी, फळ्यावर किती?

एक. फार तर दीड. बाकीच्या वहीत राहू द्या.

३० एप्रिल घ्या. १८७० : त्र्यंबकेश्वरला दादासाहेब फाळके यांचा जन्म. १९०९ : तुकडोजी महाराजांचा जन्म. १९३६ : गांधीजी सेगावात राहायला आले. १९४५ : हिटलरनं बर्लिनमध्ये आत्महत्या केली. मोबाइलवरचा दिनविशेष चारही एका दमात वाचेल. मी तुकडोजी आणि सेगाव घेतो, कारण त्यांना जोडणारा धागा आहे. त्याच १९३६ साली गांधीजींनी तुकडोजींना आश्रमात बोलावून घेतलं होतं. एका तारखेवरच्या दोन नोंदी एकमेकींशी बोलत असतील तर त्या घ्याव्यात. नुसता योगायोग असेल तर एकीला पुढच्या वर्षी वाट पाहायला लावावी. वही आहे ती त्यासाठीच.

२६ नोव्हेंबर आणखी अवघड. १९४९ चं संविधान, २००८ चा मुंबईवरचा हल्ला, १९२१ साली व्हर्गीस कुरियन यांचा जन्म, आणि १८१७ साली नागपुरात सीताबर्डीची लढाई याच रात्री पेटली, दुसऱ्या दिवशी भोसल्यांचा पराभव झाला. संविधान तर घ्यावंच लागतं, परिपत्रकच असतं. मग चौथीच्या वर्गासाठी कुरियन, कारण पोरांच्या घरी गाय आहे आणि सकाळी डेअरीवर कॅन पोचवून ती शाळेत आलेली असतात. आठवीला सीताबर्डी, इतिहासात इंग्रज-मराठे येतात म्हणून. एकाच फळ्यावर नाही, आपापल्या वर्गात.

१२ मार्चला मी दरवर्षी एकच घेतो. दांडीयात्रा १९३० ची, यशवंतराव चव्हाणांचा जन्म १९१३ चा, दोन्ही पाठ्यपुस्तकात येतात. १८३३ साली जन्मलेले वीर बाबुराव शेडमाके मात्र बाहेरच्या पुस्तकांत सहसा भेटत नाहीत, म्हणून फळ्यावर ते. मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातला हा गोंड तरुण इंग्रजांशी लढला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला फासावर गेला. पंचविशीतला. पोरं वजाबाकी करून वय काढतात आणि गप्प होतात.

वर्षाच्या शेवटी वही मोजा. बायांची पानं किती? आमच्याकडं पहिल्या वर्षी दोन हातांच्या बोटांत मावतील एवढी निघाली. ३ जानेवारी १८३१ च्या सावित्रीबाई आणि १२ जानेवारीच्या सिंदखेडराजाच्या जिजाऊ यांच्यावर सगळं वर्ष निभावलं होतं. मग १० मार्च १८९७ ला प्लेगच्या साथीत गेलेल्या सावित्रीबाई, २४ जून १५६४ ला लढता लढता गेलेली गोंडराणी दुर्गावती, ७ फेब्रुवारी १८९८ च्या रमाई, अशी पानं शोधून भरली. शोधावी लागतात, आपोआप येत नाहीत.

शब्द जपून

जयंती गेलेल्या माणसाची असते, हयात माणसाचा वाढदिवस. जयंतीला ‘विनम्र अभिवादन’, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ नव्हे. बाबासाहेबांचा ६ डिसेंबर हा महापरिनिर्वाण दिन, त्याला पुण्यतिथी लिहू नये. फाशी गेलेल्या, गोळी लागून पडलेल्या माणसाचा बलिदान दिन किंवा हुतात्मा दिन. आष्टीकडं शहीद हाच शब्द रुळलाय, गावाचं नावच आष्टी शहीद, तर तिथं तोच वापरा. गजानन महाराजांचा प्रकटदिन, जन्मदिन नाही. ऋषिपंचमीला, ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली, तिथं ‘निधन’ लिहिलंत तर घंटा व्हायच्या आत कुणीतरी फळ्यापाशी येईल.

जन्म-मृत्यूची एकच तारीख असलेली माणसं पोरांना भारी वाटतात. डॉ. बिधानचंद्र रॉय १ जुलै १८८२ ला जन्मले आणि १ जुलै १९६२ ला गेले, डॉक्टर दिन त्यांच्यावरूनच. आपल्याकडं मात्र हा दिवस आधी कृषिदिन, वसंतरावांचा. तेव्हा डॉक्टर दुसऱ्या ओळीत.

फळ्यावर आणि तोंडानं

फळ्यावर पाच ओळी. पहिलीत तारीख, दुसरीत साल आणि घटना, तिसरीत जागा आणि ती आपल्या गावाहून कुठल्या दिशेला आहे ते, चौथीत एक ठोस तपशील, पाचवीत एक प्रश्न. उत्तर दुसऱ्या दिवशी. ‘सेगावचं नाव का बदललं?’ असा प्रश्न असला की संध्याकाळी घराघरात चर्चा होते. ‘महान’, ‘थोर’, ‘अलौकिक’ हे शब्द चौथ्या ओळीतून हद्दपार. त्यांच्या जागी काय केलं ते लिहा. गाडगेबाबा थोर होते म्हणण्यापेक्षा, दिवसा झाडूनं गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे, हे पुरतं.

वाचणाऱ्या पोराला आदल्या दिवशी चिठ्ठी द्या, साल अक्षरांत लिहून. ‘अठराशे अठ्ठ्याण्णव’ म्हणताना पाचवीतली पोरं अडखळतात आणि मग सगळी ओळ पडते. दोनदा घरी वाचून आणायला सांगा. गावातले आवाज गावातलेच राहू द्या, ‘जलम’ म्हणालं पोरगं तर परिपाठ मोडत नाही.

शाळा बंद असते तेव्हाचं काय? ३० एप्रिलला निकालाची गडबड, त्यानंतरचा मे कोरा. आपल्या शाळा उन्हामुळं बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात भरतात. शाळा ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी ‘सुट्टीत राहून गेलेले’ असं एक लांबट पान वाचा. उघडण्याची तारीख २६ जून असेल तर छत्रपती शाहू महाराजांची जयंती (१८७४) आयतीच मिळते.

गावाची स्वतःची पानं

वहीतला सगळ्यात कठीण आणि सगळ्यात गोड भाग हाच. गावात वीज कधी आली, पहिली एसटी कधी आली, शाळा कुणाच्या ओसरीत सुरू झाली, नदी कधी कोपली. वर्धा नदीकाठच्या माणसाला ३० जुलै १९९१ सांगावं लागत नाही. त्या मंगळवारी नरखेड तालुक्यातल्या मोवाडात पाणी शिरलं आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. पण बाकीच्या गावांच्या तारखा कुठं छापलेल्या नसतात, त्या माणसांकडून काढाव्या लागतात.

म्हाताऱ्यांना तारीख विचारू नका, वावर विचारा. ‘तेव्हा पऱ्हाटीला बोंडं होती का? पहिला वेचा झाला होता? तुरीला शेंगा?’ एवढ्यात महिना सापडतो. मग सण : ‘पोळ्याच्या आधी की नंतर?’ मग वार : ‘त्या दिवशी आठवडी बाजार होता?’ मग साल : ‘कोण पोटात होतं? इंदिराबाई होत्या की गेल्या होत्या?’ तो एक खुंटा पक्का आहे, ३१ ऑक्टोबर १९८४. दुसरा खुंटा १९७२ चा दुष्काळ. सण, वार आणि साल हाती आलं की जुन्या दिनदर्शिकेत तारीख एकाच ठिकाणी पडते.

आमच्या गावच्या एसटीबद्दल तिघांनी ‘पाडव्याला आली’ असं सांगितलं. मी दिवाळीचा पाडवा धरून वर्षभर चुकीचं पान मिरवलं. नंतर एका आजीनं विचारलं, ‘दिवाळीत कुठं गाळ असतो जी? बस गाळात फसली होती.’ तो पोळ्याचा पाडवा होता, तान्ह्या पोळ्याचा दिवस. पोरं लाकडी बैल घेऊनच बसभोवती जमली होती. पुढं ग्रामपंचायतीच्या ठरावबुकात सत्काराचा ठराव सापडला, तेव्हा ती नोंद पेनानं झाली.

ठरावबुक, शाळेचं लॉगबुक आणि शेरेबुक, सोसायटीची जुनी इतिवृत्तं, देवळाच्या वर्गणीची वही, एवढं चाळलं की वर्षाला दहा-बारा पानं निघतात.

एक गोष्ट मात्र ठरवून टाळा. आपल्या गावांत अशी मरणं आहेत जी सगळ्यांना माहीत आहेत, तारखेसकट. कर्जानं, नापिकीनं गेलेली माणसं. त्यांचं पोरगं दुसऱ्या बाकावर बसलेलं असतं. ती तारीख वहीत नको, फळ्यावर तर नकोच. त्या दिवशी त्या पोराकडं दिनविशेष वाचायचं काम येणार नाही एवढं पाहा, कारण त्याला ती तारीख मोठ्यानं उच्चारावी लागते.

वही शाळेतच राहू द्या, बदली झाली तर चार्जच्या यादीत तिचं नाव घाला. नाहीतर ती कुणाच्या तरी ट्रंकेत जाते.

आमच्याकडं अजून बरीच पानं कोरी आहेत. २९ फेब्रुवारीच्या पानावर एकच नोंद आहे, १८९६ साली मोरारजी देसाई यांचा जन्म. गावातलं काही त्या तारखेला सापडतं का, ते शोधायचं काम सहावीला दिलंय. पुढचं २९ फेब्रुवारी २०२८ मध्ये येईल, मंगळवारी, म्हणजे शाळा चालू असेल.